निवटी डोळे कशी मिटते

त्या बाईचा हात चुकला नव्हता.

हे एक वाक्य मी तीन आठवडे गिळून बसलो होतो. आता ते पेणमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे. तरी एकदा माझ्या हाताने कागदावर उतरावं असं वाटतं, कारण बोलताना मी गडबडतो आणि त्या गडबडीत स्वतःला अलगद सोडवून घेतो. ती माझी जुनी खोड.

रामवाडीच्या बाजूला माझा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि बारा माणसं. वडिलांनी सुरू केला, मी सांभाळला. आमच्याकडे आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, एकच बाई. खाडीकाठच्या गावची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. घासकामाला म्हणून आली होती. वडिलांनी तिचा हात पाहिला आणि ब्रश दिला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला ‘बाय’ म्हणतो, ती मला ‘शेठ’ म्हणते. डोळ्याला ब्रश लावण्याआधी ती डाव्या अंगठ्याच्या नखावर एक टिंब काढून बघते. तिच्या त्या नखावर बारा महिने काळा ठिपका असतो.

डोळे सगळ्यात शेवटी आखायचे, हा आमच्याकडचा नियम. एकदा डोळे झाले की मूर्ती बघायला लागली असं आम्ही धरतो. मग तिला कुणी आडवं टाकत नाही, तिच्या तोंडावरून पॉलिशपेपर फिरवत नाही. आणि मिटलेले डोळे पेणमध्ये कुणी काढत नाही. देवाने डोळे मिटले तर मग बघायचं कोणी?

त्या वर्षी गणपती गेले, कारखाना रिकामा झाला आणि मुलांच्या एका टीव्ही चॅनेलचा फोन आला. चॅनेल आशियातल्या बऱ्याच देशांत एकदम सुरू होणार होतं. दोन कार्टूनच्या मधे दाखवायला प्रत्येक देशातून पंधरा सेकंदांची एक फिल्म हवी होती, तिथल्या मातीची, कागदाची नाहीतर बांबूची. फिल्ममध्ये बोलणं नाही, म्हणजे ती कुठल्याही देशात चालेल. आपल्याकडून त्यांनी निवडली पेणची शाडू आणि खाडीची निवटी.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा. पाण्यात कमी, चिखलात जास्त. डोळे थेट डोक्याच्या टाळूवर. आमच्याकडे तिचं कालवण करतात.

चॅनेलतर्फे एक मुलगी आली, पंचविशीतली. तिने मला नीट समजावलं. मातीची निवटी जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो. ते फोटो भराभर दाखवले की निवटी चालते. चेहरा बदलायला आम्ही चाळीस डोकी करायची. त्यांतली दहा डोळे मिटण्याची: थोडे मिटलेले, अर्धे, पूर्ण. ती चित्रांचा कागद देऊन गेली.

मी कागद बायपुढे ठेवला. तिने तो उभा धरला, आडवा धरला.

“शेठ, हे मिटलेले डोले माज्या हातून व्हायचे नाय.”

“का?”

“कवा केले नाय. आन् निवटी अशी मिटत पन नाय. हे मानसाचे डोले हायेत.”

माझं अर्धं लक्ष होतं. शेडमधली सगळी माणसं ऐकत होती, आणि चॅनेलचं काम आल्यापासून माझी मान जरा ताठ झाली होती. मी म्हणालो, “मग उघडेच काढ. पेणचा डोळा उघडाच असतो. त्यांना कळू दे कुठे आलेत ते.”

“कागदावर मिटलेले हायेत, शेठ.”

“मी सांगतोय ना.”

तिने चाळीसच्या चाळीस डोक्यांना उघडे डोळे काढले. अजून डोळ्यांपुढे आहेत ते. ओल्या चिखलासारखे चमकणारे, वरून आख्खं जग बघणारे. मी ती डोकी भुशात बांधून मुंबईला पाठवली आणि त्या मुलीला फोन करून मिटलेल्या डोळ्यांचं काही सांगितलं नाही. वाटलं, बघून चकित होतील.

झाले चकित. चित्रीकरणाचा अख्खा दिवस वाया गेला. मुलीचा फोन आला तेव्हा तिच्या मागे कोणीतरी मोठा माणूस तापलेला ऐकू येत होता. ती म्हणाली, “सर, दहा डोकी चुकलीत. असं कसं झालं?”

आणि मी म्हणालो, “आखणीवाल्या बाईचा हात चुकला. तिला मी काढून टाकलंय.”

दोन वाक्यं. दुसरं खोटं होतं, ते खरं करायला मला लगेच उठून आत जावं लागलं. मी तिला म्हणालो, चॅनेलवाले रागावलेत, तू काही दिवस येऊ नकोस. तिने माझ्याकडे बघितलं. एवढंच बोलली, “मी बोल्ले व्हते.” मग ब्रश धुतला, फडक्याला पुसला, डब्यात उभा ठेवला आणि चपला घालून निघून गेली. अकरा माणसं मान खाली घालून पॉलिशपेपर घासत राहिली. त्यांतल्या प्रत्येकाने माझा हुकूम स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

आमच्या धंद्यात आखणीच्या माणसाचं नाव म्हणजे त्याचा हात. ‘हात चुकला’ हे एकदा पसरलं की पसरलं. फोनवरचं माझं बोलणं शेडमध्ये ऐकू गेलं होतं, चार दिवसांत ते गावभर झालं. ती दोन कारखान्यांत विचारायला गेली, दोन्हीकडे तिला घासकाम सांगितलं. तीस वर्षांच्या हाताला घासकाम. मग ती रोह्याला मुलीकडे निघून गेली. हे मला आमच्या घरात कळलं. बायको जेवायला वाढताना म्हणाली, “ती रोह्याला गेली. तुम्हाला भाजी अजून वाढू?” त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

इकडे मिटलेल्या डोळ्यांची दहा डोकी मी स्वतः केली. चॅनेलची मुलगी बघायला आली. डोकी ओळीने मांडली होती. तिने एक डोकं उचलून उजेडात धरलं.

“सर, ही झोपल्यासारखी नाही वाटत. मेल्यासारखी वाटतायत.”

खरंच वाटत होती. बाजारात टोपलीत मांडलेल्या निवट्या दिसतात तशी.

“पहिली डोकी ज्यांनी केली, त्या कुठे आहेत?” तिने विचारलं. “मिटलेल्या डोळ्यांचं जाऊ दे, पण उघडे डोळे आमच्याकडे सगळ्यांना वेड लावून गेलेत. बाकीच्या देशांचे प्राणी त्यापुढे खेळण्यातले वाटतात. त्यांना परत बोलवता येईल का? दोन आठवडे आहेत. नाहीतर भारताची फिल्म दुसरीकडे करू.”

मी बघतो म्हणालो. तेव्हाही खरं सांगितलं नाही. फक्त बघतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो. कुंडलिका नदीच्या पुलावर थांबून काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं, आणि दार उघडल्याबरोबर सगळं विसरलो. बाय चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मुलगी कंपनीतल्या शिफ्टवाल्यांचे डबे करते, त्याला हातभार. हातांना तांदळाचं पीठ, आणि अंगठ्याचं नख पांढरंस्वच्छ.

“शेठ आलं गो,” ती मुलीला म्हणाली. “पाट दे. आन् भाकरी दे, उपाशी आलं असतील.”

मी पाटावर बसलो. भाकरी पुढ्यात आली. मी म्हणालो, “बाय, चूक माझी होती. तुझ्या नावावर मी टाकली.”

“माहीत हाय.”

“माफ कर.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. “काडलंत कुटं?”

“म्हणजे?”

“मना काडलंत कुटं? कारखान्यात. अकरा जनांच्या म्होरं. आन् माफी मागताय हितं, माज्या पोरीच्या चुलीपाशी. हितं कोन हाय ऐकाया? मांजर हाय.”

तिची मुलगी हसली. मलाही हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. चुलीचा धूर होता, पण धुराचं नाव घेत नाही, आता खरंच बोलायचं ठरवलंय.

“आन् त्या पोरीला सांगा,” बाय म्हणाली. “मुंबैवाल्या. फोनवर काय बोल्लात ते तिला सांगा.”

“सांगतो.”

“मंग सोमवारी येते. निवटी घिऊन येते. कागदावरची निवटी खोटी हाय.”

सोमवारी चॅनेलची मुलगी मुंबईहून आली होती. बाय दाराशीच उभी राहिली, हातात झाकणाची प्लास्टिकची बादली. आत यायला तयार नाही. बरोबर होतं तिचं. मी शेडच्या मध्यभागी गेलो. बावन्न वर्षांचा माणूस, वडिलांच्या तसबिरीखाली शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो.

मी म्हणालो, “डोळे उघडे ठेवायला मी सांगितलं. तिने मला दोनदा टोकलं. चॅनेलला मी खोटं सांगितलं, की तिचा हात चुकला. ते खोटं लपवायला तिला काढलं. तिचा हात चुकला नाही, कधीच चुकला नाही. गावात मी स्वतः सांगेन.”

घासकामाचा म्हातारा गडी, वडिलांच्या वेळचा, पॉलिशपेपर झटकत म्हणाला, “आमाला काय नवीन सांगताय?” मग पुढे, “पन बरं झालं सांगितलंत. आमाला बी तिच्या म्होरं तोंड वर करता येत नव्हतं.”

मुलगी म्हणाली, “सर, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर आत्तापर्यंत फिल्म झाली असती.”

“हो,” मी म्हणालो.

तेव्हा बाय आत आली. टेबलावर बादली ठेवली, झाकण काढलं. खाडीच्या ओल्या चिखलात तीन निवट्या बसलेल्या.

“बघा. बोलू नका.”

आम्ही चौदा माणसं त्या बादलीभोवती वाकून उभे. एक निवटी आमच्याकडे बघत होती. आणि मग तिने डोळे मिटले. मिटले म्हणजे पापणी पाडली नाही. दोन्ही डोळे चक्क खाली, डोक्यातल्या खळग्यात ओढून घेतले आणि पुन्हा वर काढले. जन्म खाडीकाठी गेला माझा, शेकड्यांनी निवट्या खाल्ल्या असतील, पण हे कधी बघितलं नव्हतं.

“डोले बुडवते ती,” बाय म्हणाली. “ल्हानपनी मिठागराच्या बांधावर बसून आमी हेच बघायचो. दुसरं व्हतंच काय बघायला?”

मुलीने ते फोनवर टिपलं होतं, तेच चित्र ती पुन्हा पुन्हा बघत होती. मग हळूच म्हणाली, “म्हणजे मिटलेले डोळे काढायचेच नाहीत. डोक्याला दोन खळगे, आणि डोळे वेगळे. तेच डोळे खाली-वर करायचे.”

“तेच बोल्ले मी. डोले एकदाच आखायचे. उगडे.”

आमचा नियम मोडला नाही आणि त्यांची फिल्म अडली नाही. त्या दुपारी तिने डब्यातला ब्रश घेतला, नखावर टिंब काढून बघितलं, आणि मातीच्या दोन गोळ्यांना डोळे दिले. चाळीस डोकी लागलीच नाहीत. एक निवटी, एक जोडी डोळे. संध्याकाळी मी बाजारपेठेतून पायी निघालो, आणि ज्या दोन कारखान्यांत तिला घासकाम सांगितलं होतं, तिथे जाऊन तेच चार शब्द बोलून आलो. एकाने चहा पाजला. दुसऱ्याने विचारलं, “मग आता आमच्याकडे येईल का ती?” मी म्हणालो, “विचारून बघ. मी अडवणारा कोण?” ती गेली नाही.

फिल्म गेली. पुढची बातमी चॅनेलच्या मुलीने फोनवर दिली: प्रत्येक देशाला वेगळा प्राणी देणार होते, पण आता मुख्य निशाणी म्हणून सगळीकडे निवटीच राहणार. खारफुटी आणि चिखल आशियाच्या किती किनाऱ्यांवर आहे. तिथल्या पोरांनीही बांधावर बसून हेच बघितलंय. त्या देशांतल्या चॅनेलवाल्यांना ती आपलीच वाटली. मी विचारलं, कामाच्या कागदावर डोळ्यांपुढे कोणाचं नाव लिहिलंय? ती म्हणाली, “बाईंचं. तुमचं नाव मातीपुढे आहे.” मला ते अगदी बरोबर वाटलं.

पहिल्यांदा दाखवणार त्या दिवशी आम्ही कारखान्यात टीव्ही आणून ठेवला. खाडीकाठच्या तिच्या गावाहून टेम्पो भरून माणसं आली, रोह्याहून तिची मुलगी आली, माझी बायको डबाभर पोहे घेऊन आली. बायला पुढे खुर्चीवर बसवलं. तिला ते आवडलं नाही, पण बसली. दोन कार्टून आम्ही मुकाट बघितली. मग पडद्यावर चिखल आला, चिखलातून निवटी आली, थांबली, तिने थेट आमच्याकडे बघितलं, डोळे बुडवले, वर काढले. संपलं.

शेडमध्ये असा हशा उठला की पत्रे वाजले. पाठीमागून एक म्हातारी म्हणाली, “एवडी मोटी निवटी, कालवन चार घरांना पुरंल.” बाय हसता हसता पदर तोंडाला लावून बसली. पुन्हा कधी लागेल म्हणून ती सगळी माणसं अख्खी दुपार कार्टून बघत राहिली. ती पाच वेळा लागली आणि पाचही वेळा तेवढाच हशा.

माणसं पांगल्यावर मी खुर्च्या उचलत होतो. बाय ब्रश धूत होती. माघी गणपतींची ऑर्डर दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायची होती.

“शेठ,” ती पाठमोरीच म्हणाली, “पुढल्या येली बोल्ले तं ऐका.”

“व्हय गो बाय,” मी म्हणालो.