सफरचंदाखालचे खोके

आमच्या इंग्लंडमधल्या, ब्रॅकनेलच्या घराचा लॉफ्ट रिकाम्या खोक्यांनी भरलेला होता. टीव्हीचा खोका, मिक्सरचा, प्रिंटरचा, आतल्या थर्माकोलसकट. परत जाताना सामान त्याच खोक्यांतून न्यायचं, असा नवऱ्याचा बेत. ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात असा लॉफ्ट होता आणि प्रत्येकजण दोन वर्षांनी परत जाणार होता. आमची दोन वर्षं पुण्याहून निघाल्यापासून संपतच नव्हती. भाड्यापेक्षा हप्ता बरा म्हणून घर घेतलं, तरी भिंतीत खिळा मारायची चोरी. पडदे आधीच्या मालकिणीचे, सोफा परत गेलेल्या कुणाचा तरी. स्वतःच्याच घरात मला पाहुणी असल्यासारखं वाटायचं आणि त्याचा भयंकर संताप यायचा.

म्हणून एका शनिवारी मी सफरचंदाचं रोप घेऊन आले.

"कुंडीतच लाव हं," नवरा म्हणाला. "जमिनीत लावलं की अडकलो. उद्या प्रोजेक्ट संपलं, घर विकावं लागलं, तर?"

"मग कुंडी काय विमानात मांडीवर घेऊन बसणार आहेस?"

तरी झाड कुंडीतच गेलं. तेव्हा मी ऐकायची.

नोव्हेंबरात गवतावर दव गोठलं तशी आम्ही दोघंही खिडकीशी जाऊन उभे राहिलो. बिचारं बाहेर कुडकुडतंय! कुंडी आत आली, रेडिएटरशेजारी. खोडाला मी माझी जुनी शाल गुंडाळली. जानेवारीतच चार फिकट पानं फुटली आणि गळून गेली. एप्रिलमध्ये शेजारच्या आजींचं झाड फुलांनी भरलं, आमचं नुसतं काटकुळं. पुढच्या वर्षीही तेच, शाल तेवढी बदलली.

त्या हिवाळ्यात आजी चहाला आल्या. शाल पांघरलेलं झाड बघून त्यांना हसू आवरेना. "अगं, सफरचंदाला थंडी हवीच असते," त्या म्हणाल्या. "हिवाळाभर गारठल्याशिवाय ते फुलायचं नाही. जमिनीत लाव त्याला."

मला हसू आलं नाही. झाडाला आम्ही आमच्यासारखंच ठेवलं होतं. राहायचं इथे, पण इथलं वारं लागू द्यायचं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात, नवरा बॅडमिंटनला गेलेला असताना, मी कुदळ घेतली. माती चिकट, हाताला फोड आले. कुंडी उलटी केली तर मुळं आतल्या आत गोल गोल फिरून जखडलेली. ती बोटांनी सोडवताना मला रडूच आलं. रोप लावून झाल्यावर फेन्सपलीकडून आजींनी सांगितलं, गवत वाढू नये म्हणून भोवती पुठ्ठा पसर आणि वर खत टाक, चिकटपट्ट्या तेवढ्या काढून घे.

पुठ्ठा! पुठ्ठ्याची आमच्याकडे काय कमी होती?

नवरा परतला तेव्हा टीव्हीचा खोका निम्मा खताखाली गेला होता.

"अगं, ते ओरिजिनल पॅकिंग आहे! परत जाताना टीव्ही कशातून न्यायचा?"

"डोक्यावर ने," मी म्हणाले. "तुला जायचं तेव्हा तू जा. मी इथे राहतेय."

बोलून तर गेले. मग राहा एकटी, असं तो म्हणाला असता तर? तो रॅकेट घेऊन आत गेला.

त्या हिवाळ्यात चांगला बर्फ पडला. झाड घोट्यापर्यंत पांढरं झालं.

"मरेल ते," तो खिडकीतून म्हणाला.

"मरू दे. पण बाहेर मरू दे." शाल मी माझ्याच अंगावर घट्ट ओढून घेतली.

एप्रिलच्या शेवटी गुलाबी कळ्या आल्या. मी त्याला मुद्दाम बोलावलं नाही. संध्याकाळी तोच चहाचा मग घेऊन झाडापाशी उभा दिसला.

आपण इथेच राहतोय, असं तो अजून म्हणत नाही. फोनवर पुण्याला दोन वर्षंच सांगतो. पण त्या उन्हाळ्यात आम्ही नवा मायक्रोवेव्ह घेतला. त्याचा खोका मी लॉफ्टमध्ये शोधला तर सापडेना. तो झाडाखाली होता, चिकटपट्ट्या काढून नीट पसरलेला.