चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

आमच्या तालुक्याच्या कबड्डी संघात एक रीत होती. एखाद्याचा गुडघा दुखावला की पट्टी दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याला बांधायची. समोरचे खेळाडू पट्टी बघून त्याच पायावर झेपावतात आणि दुखरा पाय वाचतो. ही रीत मला माझ्या मित्राने शिकवली. तो कोपऱ्यात उभा राहून पकडी करायचा, मी चढाया. माझ्या शेवटच्या सामन्यात उजव्या गुडघ्याला पट्टी त्यानेच बांधली होती. डावा त्याच दिवशी कायमचा गेला, कुणाचा हातही न लागता, नुसतं वळताना.

तरीही कबड्डीचे माझ्यावर उपकारच आहेत. खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेजात जागा मिळाली म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली आणि पदवीमुळे दुबईतली नोकरी. इथल्या मराठी मंडळींच्या स्पर्धेत एकदा माईक हातात आला, ते ऐकून एका वाहिनीने बोलावलं. आता सामने असले की अल बर्शातल्या घरून सूट घालून निघतो आणि स्टुडिओत बसून चढाईत काय घडलं ते लोकांना समजावून सांगतो. मित्रही दुबईतच, रास अल खोरला एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करतो. मी पडद्यावर दिसलो की तो तिथल्या सगळ्यांना सांगायचा, "हा आपला माणूस. याला पट्टी मी बांधायचो."

गेल्या हिवाळ्यात इथल्या एका स्पर्धेत त्याचा धाकटा भाऊ गावाकडून खेळायला आला. एका मोठ्या संघाची माणसं त्याला बघायला येणार होती. घेतलं तर घेतलं, नाहीतर परत गाव. मित्राने फोन केला, "त्याच्याबद्दल दोन शब्द चांगले बोल रे."

भाऊ मैदानात उतरला तेव्हा त्याच्या उजव्या गुडघ्याला पट्टी होती. त्याने लगेच गुणही आणले. पण मध्यरेषेकडे परतताना तो डाव्या पायावर वळत नव्हता, मोठा फेरा घेत होता.

शेजारच्या निवेदकाने विचारलं, "सर, उजव्या गुडघ्याचा त्रास दिसतोय का?"

"उजवा ठीक आहे," मी म्हणालो. "डावा दुखावलाय. त्याला आत्ता बाहेर घ्यायला हवं."

संघाच्या बाकावर कुणीतरी मोबाइलवर प्रक्षेपण लावून बसलं होतं. थोड्याच वेळात त्याला बाहेर बोलावलं आणि पुन्हा आत सोडलं नाही. तपासणीत डाव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलेलं निघालं. मोठ्या संघाने दुसऱ्याच मुलाला घेतलं.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, यू वेअर राइट ना? मग व्हाय सो सॅड?" मी तिला जेवायला बसवलं.

भाऊ गावी परतल्यावर एका रविवारी गॅरेजात गेलो. मित्र गाडीखाली होता. दोनदा हाक मारल्यावर बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "या, डॉक्टरसाहेब. चहा घेणार, की आमच्या चहातही बिघाड दिसतो?"

"अरे, त्याचा गुडघा माझ्यासारखा गेला असता."

"असता! आणि गेला नसता तर? एका वाक्यात पोराचं करिअर खलास केलंस यार."

"आयुष्यभर लंगडला असता तो."

"तुझा गेला, तू सुटात आहेस," तो म्हणाला. "माझे दोन्ही शाबूत आहेत. बघ मी कुठे आहे."

मी विचारलं, "कसा आहे तो?"

"चालतो. नीट चालतो," तो तक्रार केल्यासारखा म्हणाला. "बाजारात लोक अडवून विचारतात, तुला झालं काय, खेळला का नाहीस? दाखवायला साधं लंगडणंसुद्धा नाही बिचाऱ्याकडे."

चहा आला. त्याने एकच सांगितला होता. ग्लास माझ्या हातात देऊन तो पुन्हा गाडीखाली सरकला, आणि मी तो उभ्याउभ्याच प्यायलो.