शेवग्याखालची माती

येसूबाईचा आवाज कधी चढला नाही आणि तिचं काम कधी अडलं नाही, असं लोधिवलीत म्हणत. सदुसष्ट साली तिने पाळलेलं कुत्र्याचं पिल्लू मात्र रोज माजघरातच मुतायचं. शेवटी नवरा मालोजी रिकामं पोतं घेऊन उभा राहिला. "आता पुन्यांदा घाण केली, तर याच्यात घालून सडकेपल्याड सोडतो बग!"

"त्याला शिव्या कळत नाय, वास कळतो," म्हणत येसूबाईने खुरप्याने जमिनीची ओली माती खरवडली, परसात शेवग्याखाली टाकली आणि घरातली जागा लिंपून शेणाने सारवली.

"आता कुत्र्याला शाळंत पन घाल गं!" मालोजी हसला.

दुपारी ताकभात खाऊन पिल्लू जुन्या जागी गेलं आणि ताजं सारवण हुंगून घुटमळलं. मालोजीने पोतं उचललं. येसूबाईने फक्त मागचं दार उघडलं. पिल्लू नाक जमिनीला लावत शेवग्यापर्यंत गेलं आणि त्या मातीवरच मोकळं झालं.

मालोजी पोत्याची घडी घालू लागला.

"अवो, घडी कशाला? पडवीत हातरा," येसूबाई म्हणाली. "निजायला काय तरी नको का त्याला?"