माती लावायची राहिली

माझी मोटार दहिवडीच्या अड्ड्यावरून सुटायला झाली तेव्हा माझे दोन भाऊ मोटारीच्या दोन बाजूंना उभे होते. उजव्या खिडकीशी थोरला दौलूदादा, डाव्या खिडकीशी धाकटा शंकर. मी मधली. लग्न होऊन चार दिवस झाले नव्हते आणि मी सांगलीला निघाले होते. दादानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं आत सारलं, शंकरनं शेंगा-गुळाचं गाठोडं. एकाकडं बघावं तर दुसऱ्याकडं पाठ होते, म्हणून माझी मान सारखी इकडून तिकडं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मान मोडंल. एकदा काय ते ठरवा, कुणाकडं बगून रडायचं!" सगळी मोटार हसली. ते दोघे हसले नाहीत. आईनं खिडकीतनं माझा हात धरला आणि म्हणाली, "म्हायार एकच आसतं बाई. त्याचं दोन हू देऊ नगंस." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

गावाकडं राहिलेल्यांनो, तुम्हाला ही गोष्ट माहीत आहे. पण माझ्यासारखं जे गाव सोडून गेले, त्यांच्या पोराबाळांना माहीत नाही, म्हणून लिहिते. माझं लिहिणंही शाळेतलं नव्हे. आमचे हे सांगलीला टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. टॉकीजबाहेर रंगवलेले मोठाले बोर्ड लागत, ते बघून बघून मला अक्षरं आली. अजून माझा 'अ' बोर्डावरल्यासारखाच ऐसपैस येतो.

आमचं गाव साताऱ्याकडच्या माण तालुक्यातलं. पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर मेंढरं. तशात वडिलांना नाद कुस्तीचा. दोन्ही पोरं अंगानं भरलेली, दोघंही तालमीत जात. पण पैलवानाला खुराक लागतो, आणि घरात म्हैस एकच. वडील म्हणत, "एका म्हशीवर दोन पैलवान हुत न्हाईत." दुष्काळाच्या एका साली त्यांनी फैसला केला. दोघांनी मातीत उतरायचं. जो जिंकेल त्याचं दूध, हरेल त्यानं मेंढरं राखायची. एका घरातल्या भावांनी एकमेकांशी खरी कुस्ती खेळायची नसते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वडिलांपुढं कोण बोलणार?

बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही. मी आणि आई भिंतीला टेकून बाहेर उभ्या राहिलो. शड्डूचे आवाज ऐकू आले, मग धापा, मग एकदम गप्प. शंकर जिंकला.

पण आत असलेल्यांनी एक गोष्ट पाहिली होती. कुस्ती लागायच्या आधी पैलवान मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या खांद्या-मानेला लावतो. घामावरून हात निसटू नये म्हणून, आणि मानही असतो त्याच्यात. शंकरनं दादाला माती लावली. दादानं शंकरला लावलीच नाही. पुढं दादानं त्याची मान धरली, ती घामानं निसटली, आणि शंकरनं मागं जाऊन दादाला चीत केला.

दुसऱ्या दिवशी शंकर दुधाचा तांब्या तोंडाला लावून पारावर बसला होता. कुणीतरी म्हणालं, "पी गड्या पी, भावानं दिल्यालं दूद हाय!" दादाला सगळं गाव 'दिलदार' म्हणत सुटलं. शंकरनं तांब्या खाली ठेवला, घरी आला आणि दादाला विचारलं, "माती का लावली न्हाईस? इसरलास, का कुस्ती दिलीस मला?" दादानं काठी उचलली आणि मेंढरांकडं गेला. त्याच दिवशी शंकर घर सोडून इस्लामपूरकडच्या एका तालमीत गेला; पुढं माझ्या लग्नापुरता आला, तेवढाच. ते दूध मग कुणीच प्यायलं नाही. दादा म्हणे माझं नव्हं, शंकर तर गेलेला. आई त्याचं ताक करून तालमीच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवायची, आतला वस्ताद ते हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्याच्या, मातीत ओतायचा. तालमीच्या मातीला ताक लागतंच. आई म्हणायची, "माज्या पोरांनी न्हाई तर न्हाई, मातीनं तरी प्यावं."

सांगलीत मला करमायचं नाही. लढाईचे दिवस, रॉकेलला रांग, साखरेला रांग. पण टॉकीज होती. दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला जागा असली की हे मला आत सोडायचे. आणि एकदा काय झालं, कुस्तीचं पिक्चर लागलं. दोन पैलवान भाऊ, त्यांचं वैर, शेवटी दोघं मैदानात समोरासमोर. थोरला मुद्दाम पाठ टेकतो, धाकट्याला ते कळतं, तो त्याच्या पाया पडतो आणि म्हातारी आई दोघांना पोटाशी धरते. बायका हुंदके देऊन रडत. आणि खरं सांगू, पैलवानांच्या घरात जन्मून मी कुस्ती पहिल्यांदा पाहिली ती पडद्यावर! भिंतीपलीकडनं ऐकलेले ते शड्डू असे दिसतात होय, असं झालं.

मी ह्यांना म्हणाले, दोघांना हे दाखवायचं. हे म्हणाले, "अगं, पिक्चर बघून दाढदुखी तरी थांबते का?" पण माझा हट्ट. दादा घोंगडी विकायला सांगलीच्या बाजारात यायचा, त्याच आठवड्यात मी शंकरला बोलावून घेतलं. एकमेकांचं नाव कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनी एकाला पुढच्या बाकावर बसवलं, एकाला पार मागं.

खेळ सुरू झाला. पडद्यावरचे दोघे पैलवान मैदानात उतरले, हात मिळवला आणि भिडले की लगेच. तेवढ्यात अंधारात पुढनं एक आवाज आला आणि मागनंही, दोन्ही एकाच क्षणाला: "आरं, माती लाव की!"

सगळी टॉकीज हसली. कुणी म्हणालं, "वस्ताद आल्यात रं दोन दोन!" मी हसले नाही. त्या दोघांनी एकमेकांचा आवाज ओळखला होता. आणि बोलून गेले होते तेही नेमकं तेच. इंटरवलला दिवे लागले. शंकर वळून बसलेला, दादा उभा. मध्ये एवढे बाक, एवढी माणसं, शेंगांची टरफलं. मला वाटलं, झालं आता. जमलं.

पुढचा खेळ त्यांनी कसा पाहिला, देव जाणे. पिक्चरातला थोरला पाठ टेकतो तिथं लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या घातल्या. आपण शंकरला कुठं आणून बसवलंय ते मला तेव्हा उमगलं. थोरल्याच्या दिलदारीवर वाजणाऱ्या टाळ्याच तर तो सोडून आला होता!

बाहेर पायरीवर तो दादापुढं उभा राहिला. "आता सांग. का लावली न्हाईस?" दादा भिंतीवरच्या बोर्डाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मोटार सुटंल माजी." आणि घोंगड्यांचं ओझं उचलून चालायला लागला. शंकर मला म्हणाला, "बगितलंस न्हवं आक्का? त्येनं दिलीच हुती." मी त्याला चहाला थांब म्हणाले. तो थांबला नाही.

पिक्चरमधल्या माणसांना बोलायचे शब्द कुणीतरी लिहून देतं. आमच्या दादाला कोण देणार होतं? तो मेंढरांशी बोलायचा, तेही निम्मं शिट्टीनं.

त्यानंतर किती सण आले. मी जायची तेव्हा आई सांगलीची हळद ठेवून घ्यायची, थोडी घरात, बाकीची तालमीच्या मातीला. लहानपणी ते दोघं ज्या एका ताटात जेवत ते पितळी ताट ती घासून उभं करून ठेवायची. "दोगं ह्येच्यात जेवल्यालं बगितलं की मी मोकळी," म्हणायची. शंकर दर वेळी सांगून पाठवायचा, पुढच्या सणाला बघू. दादा म्हणायचा, येऊ दे की, मी कुठं अडीवलंय. असं बघू बघू म्हणता आई गेली. ताट तसंच उभं होतं.

शंकर आला. दहावा झाला. दोघांची डोकी भादरलेली, दोघं अगदी एकसारखे दिसत होते, लहानपणी दिसायचे तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीचं ताक तांब्यात घेतलं आणि तालमीकडं निघाले. आईचं काम, दुसरं कोण करणार? शंकर गाठोडं घेऊन मोटारीला निघाला होता. माझ्याबरोबर चालू लागला. तालमीत दादा फावड्यानं हौदा उकरत होता. कुस्ती त्यानं पुन्हा कधी केली नाही, पण गावच्या पोरांसाठी माती तोच राखायचा.

मी उंबऱ्याबाहेर थांबले. शंकर आत गेला.

"दादा, आई बी गेली. आता कुणासाठी गप ऱ्हातूयास? का लावली न्हाईस?"

दादा फावड्यावर रेलला. मग म्हणाला, "माती कुणाला लावत्यात रं? समोरच्याला. तू माज्या समोर कवा हुतास? बाजूला हुतास. मूठ भरली, पन हात उचललाच न्हाई."

"म्हंजी दिली न्हाईस?"

"दिली न्हाई. सोडली बी न्हाई. पडलो."

"मग टाकीजच्या दारात त्वांड का शिवलं हुतं तुजं?"

"तवा कुटं गावलं हुतं मला? मलाच आता गावतंया."

शंकरनं गाठोडं ठेवलं, सदरा काढला आणि त्याच्यापुढं उभा राहिला. "लाव."

दादानं मूठभर माती उचलली. त्यानं ती शंकरच्या खांद्याला लावली, मानेला लावली. शंकरनं त्याला लावली. पिक्चरातल्यासारखे गळ्यात पडले नाहीत, काही नाही. नुसते उभे होते. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला तेव्हा मागं बघितलं, तर वडील तालमीसमोरच्या पाराच्या आडोशाला उभे. त्यांनी पाठ फिरवली आणि घराकडं गेले.

त्या दिवशी दोघं त्या ताटात जेवले. वाढायला मी होते. आई असती तर तिनं भाकरी मोडून दिली असती. मला ते सुचलं नाही, मी अख्खीच ठेवली.

आता त्या दोघांपैकी कुणी नाही. सांगलीत माझं सगळं आहे, नातवंडं आहेत, ती म्हणतात, आजी, तुझं गाव कुठलं? मी म्हणते माणातलं. पण डोळे मिटले की मला घर दिसत नाही, अंगण दिसत नाही. तालमीचा उंबरा दिसतो. आत दोन टकली डोकी, तांबडी माती, आणि उंबऱ्याबाहेर माझ्या शेजारी एक जागा, ताकाचा तांब्या घेऊन आई उभी राहायची तेवढीच. ती त्या सकाळी रिकामी होती.