गार पाणी

“हा आमचा नट,” मालक पाहुण्यांना म्हणाले. “एक ग्लास पाणी प्यायला आणि अख्खं गाव गप्प केलं!”

हुबळीत, कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात जेवणं चालली होती. खाणीचा माल घेणारे चार पाहुणे. मी मान झुकवून दाद घेतली. पन्नाशी उलटली, तरी कौतुक झालं की मान आपोआप झुकते. जन्माचा रोग.

मग मालक म्हणाले, “आणि ह्या येड्याला अजून माहीतच नाही, ते पाणी आपल्या ऑफिसातल्या विकतच्या जारचं होतं!”

पाहुणे टेबल बडवून हसले. मीही हसलो. तोंडात चपातीचा घास, आणि मीही हसलो.

आमची लोखंडाची खाण हुबळीपासून तीन तासांवर. दोन वर्षांपूर्वी तिथं जनसुनावणी झाली. सरकारी अधिकारी मांडवात बसून गावाचं म्हणणं लिहून घेतात, ती. गावाचा सवाल एकच: आमच्या विहिरीचं पाणी लाल का? कंपनीनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. वर मोठी पाटी, ‘सामाजिक जबाबदारी’. पण त्या पाण्याला कुणी तोंड लावेना.

कंपनीचा माइक माझ्या हातात. घर मराठी, पण माझं कन्नड असं, की म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसतात. मालकांनी ग्लास दिला. “यंत्रातलंच आहे. मी स्वतः प्यायलोय.”

मी ग्लास चारी दिशांना दाखवला. घटाघट प्यायलो. मिशी पुसली. टाळ्या!

टळटळीत ऊन, मांडवात पंखासुद्धा नाही, आणि पाणी गारेगार. तेव्हाच कळायला हवं होतं. पण टाळ्या वाजत होत्या ना!

त्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी मी बसनं त्या गावी गेलो. यंत्राशेजारीच यल्लव्वाचं घर. सुनावणीत सगळ्यांत आधी टाळी वाजवली होती ती हिनंच. तिनं मला यंत्राचं दार उघडून दाखवलं. आत नुसता पाइप. विहिरीतून थेट नळात. गाळायला काहीच नाही. तिची सून दोन वर्षं पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली.

“अण्णा, नी कुडदी, अदक्क नावू कुडद्वी,” यल्लव्वा म्हणाली. तू प्यायलास, म्हणून आम्हीही प्यायलो.

शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

महिन्याभरात दुसरी सुनावणी लागली. खाण वाढवायची होती. मांडवामागं मालकांनी पुन्हा ग्लास पुढं केला. “ह्या वेळी जरा जास्त रंगव.”

रंगवलं की! माइक घेतला आणि कन्नडमधून सगळं सांगून टाकलं. जार, पाइप, मालकांचं नाव, माझं नाव. टाळी एकही नाही. यल्लव्वा पहिल्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी नोंदी गावासमोर वाचून दाखवायच्या असतात. कारकुनानं वाचल्या. माझं म्हणणं त्यात नव्हतं.

“तुम्ही कंपनीचे,” अधिकारी म्हणाले. “तुमचं कुठं लिहायचं?”

“विरोधात लिहा.”

मालकांनी माझी बाही धरली. हळूच, मराठीत म्हणाले, “अरे, आपण आपली माणसं. ह्यांच्यासमोर असं करतोस?”

आपली माणसं! वीस वर्षं ह्याच दोन शब्दांवर मी त्यांच्यासाठी बोलत आलो.

“बाही सोड,” मी म्हणालो. वीस वर्षांत पहिल्यांदाच अरे-तुरे.

कारकुनानं लिहिलं. मी मोठ्यानं वाचायला लावलं. एक वाक्य गाळलं, तर पुन्हा वाचायला लावलं. नोकरी तिथंच संपली.

यल्लव्वानं मला माफ करू नये. मी मागणारही नाही. ह्या खाणीचा कागद ज्या ज्या टेबलावर जाईल, त्या टेबलासमोर मी उभा राहणार. सांगणार तेच. आणि सुरुवात दर वेळी माझ्या गुन्ह्यापासून.