उंबऱ्याजवळची फरशी

पाण्याच्या टाकीपाशी कंडक्टर सवयीने वळली, चार पावलं माघारी आली, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाकीचे दोघं वळलेच नाहीत.

"अहो ताई, उलट्या कुठे निघालात?" बेकरीवालीने लांबूनच हाक मारली. "आज टाकीला टाटा! आज सरळ धरणापर्यंत."

"आणि परत?"

"परत कशाला चालायचं? माझी पावाची गाडी येतेय तिथे. मुद्दाम आधी बोलले नाही. बोलले असते तर या महाशयांचे पाय कालच दुखायला लागले असते."

महाशय म्हणजे कुलूपवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. दिवसभर स्टुलावर बसून कानस घासायची, त्यामुळे हात लोखंडाचे आणि पोट लोण्याचं. "गाडी येणार असेल तर धरणाच्या पलीकडेही येतो," तो म्हणाला. "मला चालण्याचा त्रास नाही, परत येण्याचा आहे."

कंडक्टर हसली. हसावंच लागलं. "मी म्हणते, टाकीपर्यंतच बरं. हळूहळू वाढवू."

"हळूहळू? महिन्यावर आलीय देणगीची चाल! आणि हे म्हणतंय कोण? आयुष्यभर लोकांना 'पुढे चला, पुढे चला' म्हणून ढकलणारी बाई!"

कंडक्टर पुढे चालू लागली.

चालणं हा कंडक्टरचा प्रांत नव्हे. तिचं सगळं आयुष्य उभ्याने गेलं, तेही हलत्या बसमध्ये. एक पाय आडवा, एक तिरका, खांद्याला चामडी पिशवी. बस कशीही वळो, बाई पडणार नाही. डबल बेल मारली की ड्रायव्हर ऐकणार, आवाज चढवला की टवाळ पोरं ऐकणार. स्थिर जमिनीवर मात्र तिची चाल अजूनही फाकलेली, जणू रस्ताच कधी ब्रेक मारेल याचा नेम नाही. कुलूपवाला तिला चिडवायचा, "बाई, धरा कशाला तरी, स्टॉप आला!"

पण रविवारची ही सकाळ तिला हवी असायची. दोन दिवसांच्या त्या चालीसाठी गावातल्या लोकांनी किलोमीटरमागे देणगी कबूल केली होती, आणि त्यातून उभं राहणार होतं एक घर. ज्यांना सगळं विसरायला होतं अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं घर. कल्पना बेकरीवालीची. तिची आई अशीच एका दुपारी चप्पल न घालता दारातून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी कालव्यापाशी सापडली. बेकरीवाली त्यावर फार बोलत नसे. फक्त देणगी मागताना एक वाक्य हमखास म्हणायची, "ज्यांच्या घरी असं माणूस आहे ते लाजेने दडवतात, आणि तिथेच घात होतो."

कंडक्टर शेजारी उभी राहून मान हलवायची. "अगदी खरंय."

आणि तिच्या स्वतःच्या घरी, बाहेरून कुलूप लावलेल्या दाराआड, तिचा नवरा झोपलेला असायचा.

तो फरशी बसवणारा कारागीर. गावातल्या निम्म्या घरांच्या जमिनी त्याच्या हातच्या. गेल्या दोन वर्षांत आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग दिवस. राहिलं ते फक्त चालणं. दार उघडं दिसलं की निघालाच. आठवडाभर धाकटे दीर त्याला आपल्या फरशीच्या दुकानात बसवून घेत. "रविवारी तरी तुम्ही बघा, वहिनी," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना वाटायचं, ती रविवारी घरी असते. शेजारणीला वाटायचं, तो रविवारी दिरांकडे असतो. या दोन समजुतींच्या मधल्या फटीतून कंडक्टर दर रविवारी बाहेर सटकायची. सिलिंडर बंद, सुऱ्या कपाटात, काड्यापेटी पर्समध्ये. टाकी ते घर हा त्याच्या सकाळच्या झोपेच्या मापाने कापलेला रस्ता होता. वीतभरही जास्त नाही.

आज तो उसवत चालला होता.

शेवटची घरं मागे पडली, गोदामं मागे पडली. दर पावलाला तिला वाटायचं, हे एक पाऊल म्हणजे दोन पावलं. तिने वेग वाढवला.

"अहो ताई, गाडी काय पळून जाणारेय का?"

"लवकर पोचू, लवकर परतू."

"माझ्या टाचेला फोड आलाय," कुलूपवाला मागून ओरडला. "त्याचं नाव काय ठेवू?"

धरण आलं. गाडी नव्हती. बेकरीवालीने फोन लावला, कानाला धरून लांब गेली आणि ओठ चावत परत आली. "टायर बसलाय. स्टेपनीही बसलेलीच निघाली. येईल म्हणतोय दुसरी आणून. तासभर धरा."

"वा!" कुलूपवाला कठड्यावर ऐसपैस बसला. "बिस्किटं काढ."

कंडक्टर बसली नाही. ती कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागली. एवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. शेजारीण.

"वहिनी, तुम्ही घरी नाही ना? तुमच्या घरात कोणीतरी शिरलंय! मघापासून ठोकल्याचा आवाज येतोय. दाराला तर कुलूप आहे. मागून शिरला असेल मेला. पोलिसांना बोलावते मी."

कंडक्टर जागच्या जागी थांबली. "नको! पोलीस नको."

"अहो, चोर आहे आत!"

"चोर नाही."

"मग कोण?"

बेकरीवाली आणि कुलूपवाला दोघंही तिच्याकडे बघत होते. बिस्किटाचा पुडा अर्धा फाडलेला. कंडक्टरने डोळे मिटले. भर बसमध्ये चोराची कॉलर धरायला जी जीभ अडखळली नव्हती, ती आता टाळूला चिकटली.

"हे आहेत आत," ती म्हणाली. "मीच कुलूप लावून आलेय. ह्यांना... ह्यांना आता काही कळत नाही, वहिनी. दारापाशी जाऊन बोला ना त्यांच्याशी. मी येतेच."

शेजारणीने आधी "अगंबाई" म्हटलं. मग, "काय बोलू?"

"फरशीचं काहीही विचारा."

फोनमधून शेजारणीच्या सपाता ऐकू आल्या, मग दारावरची थाप, मग तिचा घाबरलेला, लाडिक आवाज. "भाऊ? अहो भाऊ, आमच्या न्हाणीघरात कुठली फरशी बसवावी हो?" उत्तर नाही. नुसती खरवड. खर्र, खर्र. मग तीही थांबली.

"वहिनी, आता काहीच आवाज येत नाही," शेजारीण म्हणाली.

कंडक्टर वळली तर बेकरीवाली अगदी जवळ उभी होती. चेहऱ्यावर राग होता की काय होतं, कळत नव्हतं.

"दोन वर्षं," कंडक्टर म्हणाली. "बोल काय बोलायचं ते."

"नंतर बोलेन," बेकरीवाली म्हणाली. "मनसोक्त बोलेन. आता कुलूप तोडायला सांगा शेजारणीला."

"तुटणार नाही ते." हे कुलूपवाला बोलला. तो उठून उभा राहिला होता. "कोठीच्या खोलीसाठी म्हणून माझ्याकडून नेलंत, तेच ना बाई? आतून भोक नको म्हणालात. मी विचारलंही होतं, कोठीतलं धान्य काय बाहेर पळतंय?"

"सुताराकडून घराच्या दाराला लावून घेतलं."

"कुलूप हलायचं नाही, आणि दार फोडावं तर ते दारामागेच असणार. मीच बनवलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कामाची लाज वाटली असावी; तो खाली बघत होता. "किल्ली एकच?"

तिने गळ्यातली दोरी ओढून दाखवली.

"बस?" बेकरीवालीने विचारलं.

"रविवारी या रस्त्याला दुपारपर्यंत गाडी नाही." वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. मग ती एकदम थांबली. "पण वर्कशॉपमधून दुरुस्त झालेल्या गाड्या रविवारी चाचणीला काढतात. गोदामांच्या फाट्यावरून. चला!"

आणि ती निघाली. ते चालणं नव्हतं आणि पळणंही नव्हतं. तिची ती फाकलेली चाल आता सगळा रस्ता अडवून निघाली होती. बेकरीवाली धापा टाकत फोन कानाशी धरून शेजारणीला सांगत होती, "बोलत राहा, थांबू नका." कुलूपवाला लंगडत होता, पण फोडाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. कंडक्टरच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: कालवा, आणि कडेला अनवाणी पाय. दार बंद आहे, ती स्वतःला बजावायची. दार बंद आहे म्हणजे कालवा नाही. मग दुसरं मन म्हणायचं, कालवा नाही, पण आवाज का थांबला?

फाट्यावर पाटी नसलेली रिकामी बस वळताना दिसली. कंडक्टर सरळ रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली आणि तळहात वर केला. करकचून ब्रेक.

"जीव वर आलाय का, बाई?" ड्रायव्हर ओरडला आणि मग ओळखून म्हणाला, "काय कंडक्टर! आज पॅसेंजर?"

"घरी सोड. विचारू नकोस."

त्याने विचारलं नाही. साठ माणसांच्या बसमध्ये तिघंच, आणि त्यातलीही कंडक्टर बसली नाही. दारापाशी, तिच्या जागेवर, दोरीला हात लावून उभी राहिली. कुठे थांबायचं नव्हतं, तरी दर वळणावर तिची बोटं दोरीवर आवळत होती.

गल्लीत शेजारीण दाराला टेकून बसली होती. घसा बसलेला. "सगळ्या घराची फरशी विचारून झाली," ती म्हणाली. "एकदाच म्हणाले, थांबा, हातातलं काम होऊ दे."

"म्हणजे बोलले!"

"त्याला झाला बराच वेळ."

किल्ली भोकात जाईना. कुलूपवाल्याने तिच्या हातातून घेतली आणि एका झटक्यात फिरवली. दार आत ढकललं तर चार बोटं उघडलं आणि अडलं. मागे काहीतरी होतं. मऊ नव्हतं, कडकही नव्हतं.

"अहो!" कंडक्टरने फटीला तोंड लावलं. "अहो, मी आहे!"

"हळू," आतून आवाज आला. अगदी शांत, कामावरच्या माणसाचा. "हळू ढकल. माती पडेल सगळी."

त्याने स्वतःच आतून काहीतरी बाजूला सारलं आणि दार पूर्ण उघडलं. कंडक्टरने पाय टाकला असता, पण कुलूपवाल्याने तिचा दंड धरला. उंबऱ्याच्या आत फरशीच नव्हती. चौकोनी खड्डा होता, काठ सुबक. फरशी अख्खी, एकही टवका न उडता, भिंतीला टेकवून ठेवलेली. शेजारी मातीचा ढीग, आणि त्यात कंडक्टरचा तिकिटं टोचायचा जुना लोखंडी चिमटा, वाकडा झालेला. सुऱ्या लपवल्या होत्या तिने. खणातला चिमटा तिच्या डोक्यातही आला नव्हता.

नवरा गुडघ्यांवर बसला होता. दहाही बोटं सोललेली.

"हे काय केलंत?" तिच्या तोंडून निघालं.

"दार बसलं होतं," तो म्हणाला. "उघडेना. फरशी फुगून वर आली की दार असंच धरतं. कोणी बसवली होती कुणास ठाऊक." ती त्यानेच बसवलेली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. त्याने तिच्याकडे वर बघितलं. नाव आठवलं नसावं, पण ओळख पटली असावी. "आणि तू बाहेर अडकलेलीस. मी ठोकून सांगत होतो, घाबरू नकोस म्हणून."

कंडक्टर उंबऱ्यावर, बाहेरच्या बाजूला, मटकन बसली. तोल तिचा कधी जात नसे. आज गेला.

बेकरीवाली तिच्याशेजारी येऊन बसली. मनसोक्त बोलायचं होतं ते तसंच राहिलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचंस ना गं. मला तरी." आजवर ती कंडक्टरला अहो-जाहो करायची.

"तुझ्याच तोंडाला भ्यायले. दर रविवारी लाजेबद्दल बोलायचीस."

"आता नाही बोलणार."

"बोल. खरंच होतं ते." कंडक्टरने पदराने नाक पुसलं. "चाल वगैरे आता मला जमायचं नाही. दुसरी कोणी बघ."

"अजिबात नाही. आपण पाळ्या लावू. रविवारी एक जण इथे बसेल, बाकीचे चालतील."

"पहिली पाळी माझी," कुलूपवाला लगेच म्हणाला. "पायाला फोड आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणू का?"

"मीही आहे," शेजारीण बसक्या घशाने म्हणाली. "फक्त फरशीवर बोलायला लावू नका."

कुलूपवाला दुकानात जाऊन आला. एका हातात पाना-पक्कड, दुसऱ्या हातात अर्धी पिशवी सिमेंट. त्याने पहिलं काम कुलूप काढायचं केलं. एकेक स्क्रू काढून खिशात टाकला. "आतून उघडणारं लावून देतो," तो म्हणाला. "वर घंटी. दार उघडलं की वाजेल. तुमच्या बसमधल्यासारखी."

तोवर नवऱ्याने सिमेंटचा माल कालवला होता. सोललेल्या बोटांवर कंडक्टरने चिंध्या बांधल्या, त्याने बांधू दिल्या, नजर मात्र खड्ड्यावर. फरशी बसवली, डोळा जमिनीला लावून पातळी बघितली, चिमट्याच्या दांड्याने चारही कोपरे ठोकून आवाज ऐकला. एका कोपऱ्यापाशी तोंड वाकडं केलं, फरशी पुन्हा उचलली, चिमूटभर माल घातला, पुन्हा ठोकली. आता त्याने मान हलवली. खड्डा ओलांडून सगळे केव्हाच आत येऊन बसले होते.

"झालं?" बेकरीवालीने चपलेत पाय घालत विचारलं. "निघते मी. गाडी अजून धरणावरच उभी असेल."

"कुठे?" त्याने हात आडवा धरला. "ओली आहे. उद्या सकाळपर्यंत पाय ठेवायचा नाही कुणी."

"ओलांडून जाते, भाऊ."

"ओलांडताना सगळे असंच म्हणतात आणि टाच टेकवतात. बस खाली."

बेकरीवाली बसली. कुलूपवाला बसलाच होता. शेजारणीने आत जाऊन चहाचं आधण ठेवायला घेतलं, आणि कंडक्टरने पर्समधून काड्यापेटी काढून तिच्या हातावर ठेवली.

दार सताड उघडं होतं. बाहेर गल्ली, पुढे रस्ता. आणि तो माणूस भिंतीला पाठ लावून, ओल्या फरशीवर नजर ठेवून, कुणी बाहेर पडू नये म्हणून राखण करत बसला.