अमोनियाचा त्रिकोण

“माणूस असो की रेणू, यांना त्रिकोणच दिसतो. वारली ना तुम्ही?”

प्रशिक्षण द्यायला आलेले तज्ज्ञ म्हणाले. फळ्यापाशी खडू माझ्या हातात होता. सगळे हसले. मीही हसलो.

बोर्डीला विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय रेणूंचे आकार आणि बंधकोन. मी अमोनिया काढला होता. मधे नायट्रोजन, तीन टोकांना हायड्रोजन, सपाट त्रिकोण, कोन एकशेवीस अंश. चुकलंच होतं. नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी तिन्ही बंधांना ढकलते. रेणू तिवईसारखा उभा राहतो, कोन एकशेसातवर येतो. तलासरीच्या शाळेत दरवर्षी शिकवतो मी हे. त्या तज्ज्ञांसमोर हात सपाट चालला.

माझ्या आधी एका बागायतदार घरातले सर मिथेन काढून गेले होते. अधिकचं चिन्ह, सगळे कोन नव्वद. तीच चूक. त्यांना तज्ज्ञ म्हणाले, “फळाच सपाट, त्याला तुम्ही काय करणार?”

जेवताना गंजाडच्या शाळेतल्या बाई शेजारी बसल्या. आमच्याच समाजाच्या, नोकरीत नव्या.

“दादा, तुम्ही का हसलात?”

“वातावरण बिघडू नये म्हणून.”

“कोणाचं?”

आश्रमशाळेत शिकत होतो तेव्हापासून हसतोय मी. अधीक्षक बोलले, हसलो. साहेब बोलले, हसलो. मला बघून माझ्या वर्गातली मुलंही तसंच हसायला शिकली. त्यांचे चेहरे हल्ली झोपू देत नाहीत. सगळे हसरे.

दुपारी पाण्याचा रेणू आला. तज्ज्ञांनी बाईंकडे बोट केलं. “या ताई. तुम्ही तरी नक्षी काढू नका.”

बाई उठायच्या आत मी उभा राहिलो.

“त्या येतील. आधी सकाळचं आणि आत्ताचं, दोन्ही मागे घ्या.”

“अहो, गंमत होती. सकाळी तुम्हीच हसलात की.”

“हसलो. अमोनियापेक्षा ती चूक मोठी.”

“वेळ जातोय, बसा.”

मी बसलो नाही. बाईही उठून उभ्या राहिल्या. प्रशिक्षण तिथेच अडलं.

नंतर वरून विचारणा झाली. माफी लिहून द्या, विषय मिटेल. दिली नाही. देणारही नाही. जी मुलं माझ्याकडून हसणं शिकून गेली, त्यांना परत वर्गात बसवता येणार नाही. पुढची येतील. त्यांच्यासमोर कोणी आमच्या जमातीवर बोललं, मग तो कोणीही असो, मी शिकवणं थांबवीन आणि त्याला उत्तर द्यायला लावीन.